पळपुटेवाडीचा बोर्ड कुणी काढला

ऐका. आन् मधे बोलायचं न्हाई. पोपट, ती बॅटरी बंद कर आधी, माझ्या डोळ्यात काय मारतोस? शेकोटी हाय की उजेडाला. अंकुश, तू पण बस. सारखा त्या बोर्डाच्या खांबांपाशी काय जातोस? खांब कुठं पळून चाललेत व्हय? बस इथं, माझ्यासमोर. मला तुझं तोंड दिसलं पायजे.

आज तुम्हा दोघांची राखण. माझी पाळी कवाच संपली. म्हातारं माणूस फाट्यावर थंडीत बसत न्हाई, बसूबी नये. तरी मी घोंगडं घेऊन दोन किलोमीटर चालत आलो. का आलो? ते शेवटाला सांगतो. त्याच्या आधी विचारलंस तर उठून जाईन. माझा राग ठावं हाय तुम्हाला.

तर ऐका. असाच शनिवार हुता. अशीच थंडी. दिवस बुडाला आन् एक गडी घरनं निघाला. अंगावर घोंगडं, हातात काठी, फडक्यात भाकरी. आन् बंडीच्या आतल्या खिशात पाना. नटबोल्ट खोलायचा पाना. आता राखणीला जाणाऱ्या माणसाला पाना कशाला लागतोय रं? लागत न्हाई. भाकरी लागती, काठी लागती, तंबाखू लागती. पाना न्हाई लागत.

तो गडी मीच. हा तुमचा रणूआप्पा. तवा मी अठ्ठावीस वर्षांचा हुतो, केस काळे हुते, दात सगळे हुते. काय हसतोस पोपट? तुझे बी पडतील.

आता आपल्या गावाचं नाव पळपुटेवाडी. कुठल्या तरी लढाईतनं आपला कोण आजा-पणजा पळून आला म्हणं, आन् या खोऱ्यात लपून बसला. खरं-खोटं देवाला ठाऊक. पर नाव चिकटलं ते चिकटलंच. एसटीचा कंडक्टर फाट्यावर घंटी मारायचा आन् वरडायचा, "पळपुटेवाडी! पळा खाली!" सगळी गाडी हसायची. आन् आपण मान खाली घालून उतरायचं. तालुक्याला गेलं, दवाखान्यात गेलं, कुठं बी गाव विचारलं की हळूच सांगायचं. सांगितलं की समोरचा हसायचा. एक न्हाई हसला असा मला भेटला न्हाई. न्हाई, एक भेटली. तिचंच सांगतोय.

त्यात माझं नाव रणोजी. आज्याचं ठेवलेलं. पोरगी बघायला गेलो की पोरीचा बाप म्हणायचा, नाव रणोजी आन् गाव पळपुटेवाडी, वा! आतनं बायकांचं हसणं यायचं. तीन ठिकाणी गेलो, तिन्ही ठिकाणी चहा पिऊन परत आलो. एका ठिकाणी तर पोरगी बघायच्या आधीच हसायला लागली. मला लाज वाटायची रं. लई लाज वाटायची. माणसाला नावाची लाज वाटली की त्याला दुसरं काय सुचत न्हाई. अंकुश, तुला सांगायला नको.

बरं, बोर्डाचं. धबधबा बघायला शहरातली पोरं यायची. जीपा, मोटारसायकली. फाट्यावर हा पिवळा बोर्ड, काळी अक्षरं, पळपुटेवाडी दोन किलोमीटर, बाण डावीकडं. पोरं थांबायची, फोटो काढायची, खिदळायची. तिथपर्यंत ठीक. पर एकदा सकाळी बघतोय तर बोर्डच गायब! पोरांनी खोलून नेला. एका हॉस्टेलात खोलीच्या दारावर लावलेला हुता म्हणं, आपल्या गावच्या एकानं स्वतःच्या डोळ्यानं बघितला. दुसरा लावला, दुसरा नेला. मग आपण बोल्टाची तोंडं हातोड्यानं ठोकून चपटी केली. तर त्यांनी दोन्ही खांब कापून नेले! खांब सिमेंटात बसवले. डांबर फासलं. काय न्हाई झालं. पाच बोर्ड गेले. सहाव्याला सरकारी हापिसातला माणूस म्हणला, आता पुन्हा गेला तर मिळायचा न्हाई, आन् असल्या नावाचा बोर्ड पायजे कशाला तुम्हाला? तो बी हसलाच.

तवा गावानं ठरवलं. शनिवारी आन् सुट्टीच्या आदल्या रात्री राखण. दोन घरांनी पाळीपाळीनं. आन् भागूआजीनं, आपल्या गावच्या सुईणीनं, एक युक्ती काढली. खाजकुयली! ती शेंगांवरची तपकिरी लव. दिवस मावळताना राखणदारानं काठीला फडकं बांधायचं, आन् ती लव बोर्डाला आन् बोल्टाला फासायची. जो हात लावंल तो चार दिवस खाजवत बसंल. काय पटलं बघा गावाला! चोराला धरायची बी गरज न्हाई, चोर आपोआप कळतोय.

तर त्या शनिवारी पाळी माझी आन् भिवातात्याची. आन् रविवारी सकाळी मला बघायला पाहुणे येणार हुते. लांबचे. मध्यस्थाला मी हातापाया पडून सांगितलं हुतं, गावाचं नाव काढू नको, नुसतं फाट्यावरनं डावीकडं म्हण. पर फाट्यावर हा बोर्ड! एवढी मोठी अक्षरं! पाहुणे बघणार, हसणार, तिथनंच गाडी फिरवणार. म्हणून खिशात पाना. एका दिवसासाठी बोर्ड काढायचा, पाहुणे गेले की शहरातल्या पोरांच्या नावानं बोंब मारायची.

राखणदारच चोर. कळलं का? आता हसू येत न्हाई, व्हय ना?

आन् अक्कल बघा माझी. भिवातात्या बघतोय म्हणून दिवस मावळताना मीच, माझ्या हातानं, खाजकुयली फासली त्या बोल्टांना. चांगली दाबून. मग तात्याला म्हणलं, तात्या, तुम्हाला खोकला लई झालाय, जावा घरी, मी हाय की. तात्या बिचारा भला माणूस. म्हणला, रणू, तुझ्यावर सोडून जातोय बरं का. मी म्हणलं, बिनघोर जावा.

तात्या दिसंनासा झाला आन् मी पाना काढला. घोंगड्याचं टोक हाताला गुंडाळलं. तीन बोल्ट निघाले. चौथा काय निघंना. घोंगडं घसरतंय, पाना घसरतोय. शेवटी काढलं घोंगडं आन् धरला उघड्या हातानं. निघाला. बोर्ड खाली आला. आन् तेवढ्यात हाताला जे सुरू झालं! आग! आई गं! कातडं सोलून टाकावं असं वाटत हुतं.

आन् त्याच वक्ताला तिकडनं गाडीचा उजेड.

मी बोर्ड घेतला आन् मारली उडी घाणेरीच्या झुडपात. तिथं, बघ, आता तो दगड हाय ना, तिथं झुडूप हुतं. जीप आली. थांबली. मी म्हणलं, आली पोरं बोर्ड न्यायला. पर पोरं न्हाई. जीपमधनं एक बाई उतरली. पांढरी साडी, वर स्वेटर, हातात पेटी. नर्सबाई! जुन्या सिस्टरची बदली झाली हुती, ही नवीन आलेली, आठच दिवस झालेले. तिला या बाजूचा रस्ता कुठनं ठावं असणार?

तिनं बॅटरी मारली. दोन मोकळे खांब. ती ड्रायव्हरला म्हणाली, "कासमभाई, फोनवर तर म्हणाले होते, फाट्यावर बोर्ड आहे."

ड्रायव्हर म्हणला, "बाई, मी बी पहिल्यांदाच येतोय हिकडं."

ती म्हणाली, "फाट्यावर राखणीला माणूस असतो, असंही म्हणाले होते. तो दाखवेल." आन् तिनं हाक मारली. "अहो! कोणी आहे का? पळपुटेवाडी कुठल्या बाजूला?"

ऐका. ती पळपुटेवाडी म्हणाली आन् हसली न्हाई. कुणाचं बी चांगलं गाव असावं तसं नाव घेतलं तिनं. मी तिच्यापासनं तीन हातावर हुतो. तिच्या पायातल्या चपला दिसत हुत्या मला. हात पेटल्यासारखे झालेले, छातीशी बोर्ड धरलेला. मला कळत हुतं की नर्सबाई रात्रीची येतीये म्हंजे गावात कुणीतरी अडलीये. कोण अडली असंल ते मी मनात येऊच दिलं न्हाई. नुसतं उभं राहून "डावीकडं" म्हणायचं हुतं. एक शब्द. पर उभा राहिलो असतो तर बोर्ड दिसला असता. सकाळी सगळ्या गावाला कळलं असतं, राखणदारानंच बोर्ड काढला.

तिनं तीनदा हाक मारली. मी ओ दिली न्हाई.

मग जीप उजवीकडं गेली. उजवीकडचा रस्ता रुंद, डांबरी. कुणाला बी तोच खरा वाटणार. धरण झालं तवापासनं तो खाली सरळ पाण्यात जातोय. आडवे दगड टाकलेले हुते, ते मासेवाल्यांनी गाड्या न्यायला बाजूला सारलेले. मी मनाला म्हणलं, पाणी दिसंल, फिरतील माघारी. काय होतंय त्याला! असं म्हणलं आन् बोर्ड घोंगड्यात गुंडाळला आन् निघालो गावाकडं. वाटेतल्या पडक्या विहिरीत टाकायचा, घरी जायचं, हात धुवायचे. एवढंच डोक्यात.

पोपट, लाकूड सार आत. विझाया लागलंय.

तर चाललोय. चांदणं न्हाई. वारा न्हाई. आन् मागनं आवाज. फचक. फचक. ओल्या चपलांचा. मी थांबलो की आवाज थांबतोय. मी चाललो की फचक, फचक.  आन् मागनं बाईचा आवाज, "अहो दादा, पळपुटेवाडी कुठं?"

वळून बघतोय तर नर्सबाई. पेटी हातात. साडी अंगाला चिकटलेली, केस गालावर. मला वाटलं, गाडी चिखलात रुतली असंल, आली असंल चालत. आन् मी काय सांगितलं असंल? ऐका. मी म्हणलं, "ठावं न्हाई बाई. मी परगावचा." घोंगड्यात गावाचा बोर्ड आन् तोंडानं म्हणतोय मी परगावचा! आन् सुटलो भराभरा.

आंब्याच्या वळणापाशी आलो. तर आंब्याखाली दगडावर बसलेली. माझ्या पुढं! पुढं कशी आली रं? वाट एकच, दोन्ही बाजूला बांध! पदर पिळत बसली हुती. पाणी थेंब थेंब. म्हणाली, "दादा, पळपुटेवाडी इथनं जवळ आहे का हो? वेळ होतोय." मी म्हणलं, "पुढं विचारा कुणाला तरी."  हनुमानाचं नाव घेत पळालो.

पळालो, पळालो. ओढा आला. ओढ्यावर साकव. साकव ओलांडला की गाव. लहानपणापासनं हजारदा ओलांडलेला. ओलांडला. आन् समोर काय? दोन मोकळे खांब! हाच फाटा! मी पुन्हा फाट्यावर!

चकवा लागला म्हणलं. फिरलो. पुन्हा आंबा, पुन्हा ओढा, पुन्हा साकव. आन् पुन्हा हे खांब! तीनदा. गावच न्हाई. जिथं गाव असायला पायजे तिथं नुसता अंधार. कुत्रं भुंकंना, दिवा दिसंना. माझं गाव मलाच सापडंना!

आन् काखेतला बोर्ड जड व्हायला लागला. एका माणसाचा पत्रा, तो दोघांना उचलंना असा झाला. घोंगड्यातनं पाणी गळतंय, बर्फासारखं. मी म्हणलं, हा टाकल्याशिवाय सुटका न्हाई. पडकी विहीर गाठली. काठावरनं दिला ढकलून. थांबलो. पाण्याचा आवाज येईल म्हणून. आलाच न्हाई. न्हाईच आला. आन् मग विहिरीतनं, खोल तळातनं, हळू आवाज आला, "दादा, पळपुटेवाडी इथं आहे का?"

 मी मागं सरकलो, सरकलो, आन् पाठीला काहीतरी टेकलं. खांब! पुन्हा फाटाच. खांबांवर बोर्ड लागलेला. पर कोरा. पिवळा पत्रा, अक्षर न्हाई. आन् ती टाचा उंच करून ओल्या पदरानं बोर्ड पुसत हुती. पुसतीये आन् म्हणतीये, "इथं नाव असायला पाहिजे. फोनवर म्हणाले होते, नाव लिहिलेलं आहे." मग तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई रं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. नुसती एखाद्याला वाट विचारावी तसं बघितलं आन् म्हणाली, "रणोजी, तुमच्या वहिनीची वेळ झालीये. मला घरी पोचवता का?"

माझी वहिनी. हौसावहिनी. दिवस भरायला पंधरा दिवस हुते तिचे. मी निघालो तवा भाकरी तिनंच बांधून दिली हुती. माझ्या मागं तिला कळा सुरू झाल्या, पोर आडवं आलं, दादानं, माझ्या थोरल्या भावानं, ग्रामपंचायतीतनं फोन लावला. आन् ज्या गाडीला मी ओ दिली न्हाई ती माझ्याच घरी निघाली हुती.

मी मट्कन खाली बसलो. आन् वरडलो. जीव खाऊन वरडलो. "पळपुटेवाडी! बाई, माझं गाव पळपुटेवाडी! डावीकडं! चला, मी दाखवतो!"

बस्स. वरडलो आन् कुत्री भुंकली. समोर मारुतीच्या देवळावरचा दिवा. साकवाच्या अलीकडंच हुतो की मी! गाव जिथल्या तिथं हुतं.

मी पुढं, ती मागं. फचक, फचक. ती म्हणाली, मागं बघू नका. मी न्हाई बघितलं. घराचं दार आलं. आतनं वहिनीचं कण्हणं, आईचं रडणं. मी दार ढकललं, आन् माझ्या खांद्यावरनं गार वारं आत गेलं. मागं चपलांचा आवाज उंबऱ्याशी थांबला.

भागूआजी पुढं मरेपर्यंत सांगायची. म्हणायची, पोर फिरंना, माझे हात थकले, मी सोडून दिलं हुतं. आन् माझ्या हातावर कुणाचा तरी हात आला. गार. त्या हातानं माझा हात धरून फिरवला आन् पोर सरळ झालं. उंबऱ्यापासनं खाटंपर्यंत ओली पावलं उमटली हुती. जाताना एक बी न्हाई.

पोर रडलं. ते पोर तू, अंकुश.

थांब. बस खाली. अजून झालं न्हाई. खरी गोष्ट पुढंच हाय.

मध्यरातीला कासमभाई आला गावात. नखशिखांत भिजलेला, कपाळ फुटलेलं. दारात कोसळला. म्हणला, फाट्यावर बोर्डच नव्हता हो! बाईंनी हाका मारल्या, कुणी ओ दिली न्हाई. उतारावर बिरेक लावला, पर गाडी घसरत पाण्यात गेली. मी निघालो, बाई न्हाई निघाल्या. कधी झालं विचारलं तर म्हणला, फाट्यावरनं निघालो आन् लगेच. पाच मिनिटात.

पाच मिनिटात! म्हंजे आंब्याखाली पदर पिळत बसली हुती तवा ती गेलेलीच हुती. दारापर्यंत माझ्यासंगं आली ती कोण, हे आता मी सांगायला नको.

सगळं गाव बॅटऱ्या घेऊन पाण्याकडं पळालं. मी घरातच. हात सुजून लाल. आई आली. तिनं माझे हात बघितले. बघतच राहिली. खाजकुयलीचे हात काय तिला कळत न्हाईत? शेण आणलं, हातांना चोळलं, ताकानं धुतले, पुन्हा शेण चोळलं.  मग मी बाळाकडं गेलो, तर आई म्हणली, "त्याला हात लावू नको." खाजंसाठी म्हणली असंल. म्हणली असंलही. पर आई पुढं अकरा वर्षं जगली, आन् तिनं ते शब्द कधी मागं घेतले न्हाईत, आन् मी बी कधी विचारलं न्हाई. तू लहानपणी म्हणायचास ना, रणूआप्पा सगळ्यांना कडेवर घेतोय, मला का घेत न्हाई? आता कळलं?

दुसऱ्या दिवशी सगळं गाव शहरातल्या पोरांना शिव्या घालत हुतं. बोर्ड त्यांनीच नेला म्हणून. आन् सगळ्यात मोठ्यांदा कोण घालत हुतं? मीच. सोडू नका, धरून आणा! हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेले आन् तोंड चालूच. भिवातात्या रडत हुता. म्हणायचा, मी घरी गेलो म्हणून झालं. तात्या तेच मनात धरून गेला रं. मी त्याला सांगितलं न्हाई, तात्या, तुमची चूक न्हाई. त्याच्या अंत्ययात्रेला खांदा दिला, पर सांगितलं न्हाई.

आन् माझे पाहुणे? ते आलेच न्हाईत. बोर्ड न्हाई म्हणून चुकले, पुढच्या गावाला गेले, तिथनंच परत फिरले. मी पुन्हा पोरगी बघायला गेलो न्हाई.

मग सातवा बोर्ड लागला. बाईंच्या अपघाताचं पेपरात आलं म्हणून लगेच लागला. हा तोच. राखण तवापासनं अशी कडक झाली. तुम्ही थंडीत कुडकुडत बसताय ते शहरातल्या चोरांमुळं न्हाई. एका चोरामुळं. गावाला नाव पडलं पळपुटेवाडी, आन् सगळे उगाच लाजत्यात. गावात पळपुटा एकच हाय.

आन् अंधार पडल्यावर त्या उजव्या हाताच्या रस्त्यानं कधी जाऊ नका. मासे मिळूदेत न्हाईतर सोनं मिळूदे, जाऊ नका. ती अजून विचारती. मला म्हशी चारून आणताना दोनदा ऐकू आलीये. खरं सांगणाऱ्याला सोडती. जो म्हणंल ठावं न्हाई, त्याला दिवस उजाडेपर्यंत फिरवती.

आता अंकुश. काढ.

काय म्हणून काय विचारतोस? बंडीच्या खिशातला पाना काढ. उद्या दुपारी तुला बघायला पाहुणे येणार हायत, आन् तू सकाळपास्नं दादाच्या हत्यारांच्या पेटीत काय शोधत हुतास ते मी बघितलंय. तोच पाना हाय तो. माझाच. ठेव इथं शेकोटीपाशी. आता मोबाइलात नकाशा असतोय म्हणतोस? मग बघ की तुझा मोबाइल, या खोऱ्यात रेंज हाय का. हाय? न्हाई ना. मग.

काय म्हणलास? मोठ्यानं बोल. त्या नर्सबाईच्या पाठीमागं घरी कोण हुतं?

हे विचारशील म्हणून भीत हुतो मी. भुताला एवढं न्हाई भ्यालो.

एक पोरगी हुती. चार वर्षांची. तिसऱ्या दिवशी तिला तिच्या आजीनं पाण्यापाशी आणलं हुतं. अंगात लाल स्वेटर, पायात एकच मोजा. सगळे रडत हुते, तिच्याकडं कुणाचं लक्ष न्हाई. मी मागं उभा हुतो, हात सोग्यात गुंडाळून. ती माझ्यापाशी आली. माझं धोतर ओढलं आन् म्हणाली, "काका, माझी आई कुठं?"

मी तिला बी ओ दिली न्हाई. फिरलो आन् निघून आलो.

बत्तीस वर्षं झाली. ती कुठं असती ते मला ठाऊक हाय. कासमभाईकडनं पत्ता लिहून घेतलाय, तो बी कवाचा. कागद घडीवर फाटलाय, पर अक्षरं हायत. दर वर्षी म्हणतोय जातो, दर वर्षी फाट्यापर्यंत येतोय आन् माघारी फिरतोय. अंकुश, तू मला शिव्या घाल. उद्यापास्नं तोंड बघू नको माझं, चालंल. पर सकाळी तेवढं मोटारसायकलवर मागं बसवून ने मला तिच्या दारात. मला एकट्याला जमत न्हाई. आन् मी दारातनं फिरायला लागलो तर धर मला.

घे, हात दे. तुझा हात धरून उठतो. पहिल्यांदाच धरतोय, न्हाई का?

पाहुण्यांचं काय म्हणतोस? आपल्याला उशीर झाला तर होऊदे. बोर्ड हाय की. येतील वाचत.